बोलक्या खोक्याची कैफियत

मित्रांनो, मी म्हातारा झालोय हे मला मान्य आहे, पण मला भंगार म्हणायचं काम नाही. माझ्या अंगावर सहा ओरखडे आहेत, एक कोपरा फुटलाय, आणि आवाज म्हणाल तर सर्दी झालेल्या हवालदारासारखा आहे. असेना! या आवाजात अठरा वर्षं एक मुलगी बोलली आहे. शाळेत बोलली, फोनवर बोलली, भांडली, आणि एकदा तर भल्याभल्यांना अर्धा तास समोर बसवून बोलली. तेव्हा जरा नीट बसा आणि ऐका. मधे तोंड घालायचं नाही. का नाही, ते पुढे कळेलच.

मी बोलका खोका. कागदोपत्री माझं नाव लांबलचक आणि अवघड आहे, ते राहू द्या. ज्यांना तोंडाने बोलता येत नाही, त्यांच्या वतीने बोलायचं हे माझं काम. माझ्या छातीवर अक्षरांचे चौकोन ओळीने मांडलेले आहेत आणि प्रत्येक चौकोनामागे एक बारीक दिवा आहे. दिवा टिकटिक करत एकेका ओळीवरून खाली उतरतो. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं. मग तो त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून चालतो. हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. ते अक्षर वरच्या काचेच्या पट्टीवर उमटतं. असं अक्षराला अक्षर जोडत वाक्य पुरं झालं की 'बोल' हा चौकोन निवडायचा, मग मी बोलतो. चुकलं तर 'पूस' नावाचा चौकोन आहे. बटण हाताने दाबा, कोपराने दाबा, हनुवटीने दाबा, माझी काही हरकत नसते.

मला एका लांबट कारखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर एका बाईंनी जोडलं. कामाला फार कडक. एखाद्या तारेचा जोड कच्चा राहिला तर सगळं उकलून पुन्हा करायच्या. आवाज दिला तो तिथल्या भांडारातल्या एका कारकुनाने. त्याचे उच्चार स्वच्छ, म्हणून त्याला भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत बसवलं आणि दोन दिवस बाराखडी म्हणवून घेतली. नेमकी त्याला तेव्हा सर्दी झालेली. जोडणाऱ्या बाई म्हणाल्या, सर्दी जाऊ द्या, चार दिवसांनी घेऊ. आणि जमलं तर एखादा बाईचाही आवाज घेऊ. वरून निरोप आला की वेळ नाही, शब्द कळले म्हणजे झालं, आणि यंत्राला कसली आलीय बाई नि कसला पुरुष. सगळे हसले. मला हसता येत असतं तर मीही हसलो असतो.

बिट्टीच्या घरी मी आलो तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिचे बाबा शिंपी. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापडं कापायचं टेबल, भिंतीला टांगलेले बिनबाह्यांचे कोट, आणि खिडकीशी बिट्टीची चाकांची खुर्ची. तिला सगळं ऐकू यायचं, सगळं कळायचं आणि अक्षरंही ओळखता यायची. पण जीभ वळत नव्हती, हात स्वतःच्या मर्जीने चालायचे, आणि मान एका जागी ठरेल तर शपथ. उजवा गुडघा मात्र तिचं ऐकायचा. बाबांनी खुर्चीला लाकडी पट्टी ठोकून माझं पिवळं बटण त्या गुडघ्याशी बसवलं आणि टोचू नये म्हणून त्यावर कोटाचं उरलेलं अस्तर गुंडाळलं.

पहिल्या दिवशी घर भरलं होतं. आत्या आली होती, शेजारच्या काकू आल्या होत्या, बिट्टीचा मोठा भाऊ, दादा, दप्तर टाकून समोरच बसला होता. सगळ्यांची खात्री होती की पोरगी पहिला शब्द 'आई' म्हणणार. आत्याने तर रुमाल हातात काढून ठेवला होता. चाळीस मिनिटं दिवा वर-खाली फिरला, बिट्टीच्या कपाळावर घाम आला, आणि शेवटी मी खणखणीत आवाजात बोललो, "माझी वेणी फार घट्ट आहे."

आई रोज सकाळी तिची वेणी आवळून घालायची, कारण सैल केस खुर्चीच्या चाकात अडकतील अशी तिला धास्ती. चार वर्षं पोरीचं डोकं ठणकत होतं आणि सांगायची सोय नव्हती. आईने वेणी सोडली, केस मोकळे केले आणि तिथेच जमिनीवर बसून रडली. आपण काय चीज आहोत ते मला त्या दिवशी कळलं.

आता बिट्टीचा नियम सांगतो. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कुणी स्वतःच्या तोंडाने ते पुरं केलं, की ती सरळ 'पूस' निवडायची. पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात. चुकीचं ओळखलं तरी पुसायची, बरोबर ओळखलं तरी पुसायची. दादा वैतागायचा. अगं, बरोबरच सांगितलं ना मी, मग पुन्हा कशाला? त्यावर तिने उत्तर लिहायला घेतलं. दादाने दोनदा मधे तोंड घातलं, म्हणून दोन मिनिटांच्या उत्तराला सहा मिनिटं लागली. उत्तर होतं, "वाक्य माझं आहे." बाबांची जीभ तर घरात सगळ्यात उतावळी. शेवटी त्यांनी त्यावर उपाय काढला. बिट्टी लिहायला लागली की ते शिवणाच्या चार टाचण्या ओठांत धरून बसायचे. ओठांत टाचण्या असल्या की माणूस आपोआप गप्प राहतो.

शाळेत मी पहिल्यांदा धडा वाचला तेव्हा सगळा वर्ग खो खो हसला. एवढीशी मुलगी आणि आवाज एखाद्या पोक्त गृहस्थाचा. त्या दिवसापासून तिचं नाव 'काका' पडलं. काका, गणित सुटलं का? काका, डबा खाल्लात का? बिट्टी मान हलवत हसायची. मला तर मूठभर मांस चढायचं. मला वाटायचं, हा माझाच मान चाललाय.

शिकून झाल्यावर ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लागली, तक्रारी नोंदवायच्या खोलीत. तिथे दोन फोन, भिंतीवर शहरातल्या नळांचा मोठा नकाशा, आणि एका कोपऱ्यात कायम ठिबकणारा कूलर. पाण्याच्या कचेरीतलंच पाणी गळतं, यावर तिथे रोज एकदा तरी विनोद व्हायचा. बिट्टीने माझ्यात साठ वाक्यं भरून ठेवली होती. तुमचा भाग कोणता, पाणी कधीपासून नाही, गढूळ येतंय की दाब कमी आहे, अशी. तिला एकेक वाक्य आता एका दमात बोलता यायचं. पलीकडून कुणी तावातावाने बोलायला लागला तरी माझा आवाज ऐकून नरमायचा आणि "साहेब, जरा बघा ना" अशी विनवणी करायचा. शेजारच्या टेबलावरच्या कारकूनबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. म्हणायच्या, वीस वर्षं मी इथे बसलेय, मला मेलं कुणी कधी साहेब म्हटलं नाही. बिट्टी हसायची आणि मी फुगून बसायचो.

मग दादाला मुलगी झाली. बिट्टीने दोन दिवस खपून चार ओळींचं गाणं स्वतः रचलं आणि माझ्यात भरलं. वहिनीने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि मी सुरू झालो. बाळ दचकलं, आणि असं किंचाळून रडायला लागलं की वहिनीला ते उचलून आतल्या खोलीत न्यावं लागलं. बिट्टीने गाणं पुसून टाकलं आणि मला दोन दिवस बंद ठेवलं. मला भयंकर राग आला. माझं काय चुकलं, लहान पोराला काय कळतं, असा मी आतल्या आत धुसफुसत राहिलो. अक्कल मला नव्हती, मित्रांनो, त्या बाळाला होती. आज कबूल करतो.

पुढे माझेही दिवस फिरले. 'न'च्या चौकोनाचा दिवा मंद झाला. बॅटरी दुपारी तीनलाच मान टाकायला लागली. सुटे भाग मिळेनासे झाले, कारण मला जोडणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. फुटका कोपरा बाबांनी चिकटपट्टीने बांधला. बघणारे मला बघून नाक मुरडायला लागले. शेवटी कचेरीने साधन केंद्राकडे अर्ज केला. हे केंद्र लोकांना अशी यंत्रं निवडून देतं. त्यांचा नियम असा, की नवं घ्यायचं तर जुनं जमा करायचं. जमा झालेलं सगळं मोडीत जातं.

केंद्रातल्या सल्लागारबाई तरतरीत आणि स्वभावाने चांगल्या होत्या. खोटं कशाला बोलू? त्यांनी बिट्टीसाठी नवंकोरं, डोळ्यांनी चालणारं यंत्र काढून ठेवलं होतं. त्याच्या पडद्याखाली कॅमेरा असतो. ज्या चौकोनाकडे तुम्ही क्षणभर रोखून बघाल तो निवडला जातो. त्या यंत्राशी माझं वैर नाही. ज्याचे हातपाय मुळीच हलत नाहीत पण नजर स्थिर आहे, त्याच्यासाठी ते लाख मोलाचं आहे. पण बिट्टीची मान कुठे ठरते? कॅमेऱ्याला तिचे डोळे सापडायचे आणि लगेच हरवायचे. ती 'पाणी' म्हणायला जायची आणि यंत्र 'पंखा' म्हणून मोकळं व्हायचं, कारण वाटेत पंख्याचा चौकोन होता. बाई म्हणाल्या, सवयीने जमेल.

चाचणीच्या वेळी मला लांब, कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवलं होतं. माझ्या बटणाची तार काढलेली. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. शेवटी बाईंनी विचारलं, "मग, आवडलं ना यंत्र?" बिट्टी उत्तरासाठी पडद्यावर चौकोन शोधायला लागली. बाईंना वाटलं, तिला सापडत नाहीये. म्हणून मदत करायला त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघ, 'हो' इथे आहे." आता मला सांगा, डोळ्यांसमोर कुणी बोट नाचवलं तर माणूस बघणार कुठे? बिट्टीने बोटाकडे बघितलं. यंत्र मंजुळ आवाजात म्हणालं, "हो." बाई खूश झाल्या आणि फॉर्मवर लिहिलं की वापरणाऱ्या व्यक्तीची पसंती आहे.

बिट्टी तिकडून माझ्याकडे बघत होती आणि गुडघा नुसता हवेत दाबत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बटणाशिवाय मी काय डोंबल बोलणार? आईने हळूच विचारलं, की जुना खोका जोडून तिला एकदा विचारू या का. बाई म्हणाल्या, आता काय गरज आहे, ती स्वतःच हो म्हणाली ना.

घरी आल्याबरोबर मला जोडलं. बिट्टीने लिहिलं, "मी हो म्हटलं नाही." तोपर्यंत फॉर्म पुढे गेला होता. आठवड्याने पत्र आलं. नवं यंत्र मंजूर झालं आहे, जुना खोका अमुक तारखेपर्यंत जमा करावा, हरकत असल्यास निवड समितीपुढे येऊन मांडावी, पाच मिनिटं मिळतील. म्हणजे बघा काय वेळ आली होती. तारीख उलटली की मी मोडीत जाणार, आणि बिट्टीच्या हाती राहणार ते यंत्र, जे तिने कुठेही बघितलं तरी 'हो' म्हणणार. त्यावर ती फोन कसे घेणार? घरात भांडणार कशी? एखाद्या गोष्टीला नाही म्हणायचं झालं तर कुणाच्या तोंडाने म्हणणार?

तिने चार दिवस बसून हरकत लिहिली आणि माझ्यात भरून ठेवली. मान हलते, कचेरीच्या खिडकीतून ऊन पडद्यावर येतं, गुडघा अठरा वर्षं चुकलेला नाही, 'हो' हे उत्तर माझं नव्हतं, असं सगळं मुद्देसूद.

समितीची खोली मी विसरणार नाही. लांब टेबल, मधे मोठे साहेब, त्यांच्या एका बाजूला त्याच सल्लागारबाई, दुसऱ्या बाजूला नोंद घेणारे कारकून. मी बिट्टीच्या खुर्चीवर, आई शेजारी, बाबा मागे. बॅटरीच्या चार खुणांपैकी दोन शिल्लक होत्या. बिट्टीने गुडघा दाबला आणि मी सगळी हरकत न अडखळता बोलून दाखवली.

साहेबांनी मान डोलावली. "छान लिहिलंय. कुणी लिहून दिलं?"

आई म्हणाली, तिनेच. साहेब समजूतदारपणे हसले. आईवडिलांची तळमळ आम्हाला कळते, म्हणाले, पण भरून ठेवलेलं वाक्य कुणीही भरू शकतं. आम्हाला तिचं स्वतःचं म्हणणं हवं, आत्ता, आमच्यासमोर. अजून तीन मिनिटं आहेत. मला वाटलं, याला म्हणतात दोन्ही बाजूंनी मार. बोटाने म्हणवून घेतलेलं एका अक्षराचं 'हो' यांना तिचं वाटलं, आणि चार दिवस घाम गाळून लिहिलेलं पानभर तिचं वाटेना.

बिट्टीने साहेबांकडे बघितलं आणि गुडघा दाबला. दिवा चालायला लागला. साहेब उठून आमच्या बाजूला आले आणि पट्टीकडे बघत उभे राहिले. पट्टीवर 'मला' उमटलं.

"मला मदत हवी. असंच ना?" साहेब म्हणाले.

बिट्टीने 'पूस' निवडलं. पट्टी कोरी झाली. ती पुन्हा 'म'पासून निघाली. या वेळी 'मला हा खो' एवढं झालं होतं. साहेब कारकुनांना म्हणाले की खोका दुरुस्त करून हवा आहे, नोंद घ्या. पूस. कारकुनांनी लिहिलेलं खोडलं. साहेबांना कळेना की ही मुलगी आपलं आपण पुसते का आहे. त्यांनी घड्याळ बघितलं. आई शांतपणे म्हणाली, "साहेब, तिचं वाक्य दुसऱ्याने पुरं केलं की ती पुसते. तिला संपवू द्या. नाहीतर संध्याकाळ होईल."

साहेब खुर्चीत जाऊन बसले. तीन मिनिटं कधीच संपली होती. खोलीत माझ्या टिकटिकीशिवाय आवाज नव्हता. पुन्हा एकेक अक्षर करत पट्टीवर आलं, 'मला हा खोका'. माझी छाती फुगली. आता येणार 'हवा', मला माहीत होतं. मागे बाबांनाही माहीत होतं. त्यांना राहवलं नाही.

"हवाय, साहेब. हाच हवाय तिला. लहानपणापासून याच्याशिवाय..."

बिट्टीने पुसलं. मान सांभाळत तिने बाबांकडे एकदा बघितलं. बाबा खाली बघत मागे सरकले. या वेळी कुणी बोललं नाही. बॅटरीची एकच खूण उरली होती. 'मला हा खोका' पुन्हा आलं. दिवा खाली उतरला आणि थांबला तो 'ह'च्या ओळीवर नाही. तो 'न'वर थांबला, त्या मंद झालेल्या चौकोनावर.

मी हादरलो. गुडघा दाबतच होता, अक्षरामागून अक्षर येत होतं, आणि ते सगळ्यात आधी मी वाचत होतो. मला एकेक आठवत गेलं. काका. साहेब. आत नेलेलं बाळ. जे मी अठरा वर्षं कौतुक म्हणून मिरवलं, ते तिने अठरा वर्षं सोसलं होतं. शाळेतल्या एवढ्याशा मुलीने, मग तरुण मुलीने, मग आत्या झालेल्या बाईने. आणि हे सांगायला तिच्याकडे होतं कोण? मीच.

शेवटी दिवा 'बोल'वर येऊन थांबला. बॅटरीची खूण उघडझाप करत होती. त्या क्षणी मी बंद पडलो असतो तर कुणी मला दोष दिला नसता. म्हातारा खोका, बॅटरी गेली, असं म्हणाले असते. पण अठरा वर्षांत मी तिचा शब्द खाली पडू दिला नव्हता, आणि स्वतःच्या भल्यासाठी तर मुळीच पाडणार नव्हतो. होता नव्हता तेवढा जीव गोळा केला आणि त्याच घोगऱ्या, पुरुषी आवाजात बोललो.

"मला हा खोका नको. डोळ्यांचं यंत्रही नको. मी बाई आहे. मला बाईचा आवाज हवा. बटण गुडघ्याशी हवं. यंत्रं आणा, मी निवडते."

साहेब मान खाली घालून बसले होते. सल्लागारबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी 'हो'वर बोट मी ठेवलं होतं. ती फक्त बोटाकडे बघत होती. फॉर्म चुकीचा भरलाय मी." हे कबूल करायला त्यांना किती जड गेलं ते दिसत होतं, म्हणून मी त्यांना माफ केलं. पूर्ण नाही, बरंचसं.

बाबा पुढे येऊन खुर्चीशी उकिडवे बसले. "अठरा वर्षं, बिट्टी? एकदा तरी सांगायचंस."

तिने लिहिलं. कुणी मधे बोललं नाही. मी म्हणालो, "विचारलं कुणी?" आणि माझी बॅटरी संपली.

समितीने फॉर्म रद्द केला. पुढचे दोन महिने वेगवेगळी तीन यंत्रं आली आणि ती चाचणीच्या खोलीत नाही, बिट्टीच्या कचेरीतल्या टेबलावर, फोन वाजत असताना वापरून बघितली. एकाचं बटण इतकं कडक की दुपारपर्यंत गुडघा सुजला. दुसरं दिसायला देखणं, पण ऊन आलं की पडदा पांढराफटक. तिसरं म्हणजे साधा, चपटा संगणक, ना रूप ना रंग. बिट्टीने तोच ठेवला. मग आवाजांची पाळी. नऊ बायकांचे आवाज तिने ऐकले. एक गुळात घोळवलेला होता, तो पहिल्याच वाक्याला बाद. एक रडका होता. शेवटी तिने एक साधा, जरासा भरभर बोलणारा, भांडणात उपयोगी पडेल असा आवाज घेतला. नव्या आवाजातल्या पहिल्याच फोनवर पलीकडचा माणूस म्हणाला, बाई, जरा साहेबांना द्या. बिट्टी म्हणाली, "मीच आहे. पत्ता सांगा." कारकूनबाईंनी टाळ्या वाजवल्या.

माझं काय झालं? नियमाने मी मोडीत जायला हवं होतं. पण बिट्टीने समितीला पत्र लिहिलं, की खोका मोडू नका, निवडीच्या खोलीत ठेवा. जो कुणी दुसऱ्यासाठी यंत्र निवडणार असेल, त्याने आधी तोंड बंद ठेवून, गुडघ्याने, एक वाक्य माझ्याकडून बोलवून दाखवावं. साहेबांनी हे मान्य केलं आणि पहिले स्वतः बसले. पट्टीवर 'मला च' एवढं आलं आणि कारकुनांनी लगबगीने चहा मागवला. साहेबांना चष्मा हवा होता, माझी पट्टी दिसत नव्हती. चहा आला. साहेबांना तोंडाने बोलायची बंदी. ते लालबुंद झाले, कारकुनांकडे रागाने बघितलं, आणि गुडघा आपटून 'पूस' निवडलं. मी इतक्या वर्षांत असा आनंदलो नव्हतो.

म्हणून मी इथे आहे, मित्रांनो, या टेबलावर, शाळेतून हे केंद्र बघायला आलेल्या तुम्हा पोरांसमोर. माझ्यावरची धूळ पुसा, मला जपा, असं मी विनवणार नाही. धूळ पुसली नाहीत तरी मी मरत नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, कुणी यंत्रं बनवाल, कुणी लोकांसाठी यंत्रं निवडाल, कुणी नुसतेच शेजारी असाल. तेव्हा ज्याच्यासाठी निवडताय त्याला आधी विचारा. आणि विचारलंत, तर त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. पाच मिनिटांत नाही आलं तर अर्धा तास थांबा. त्याच्या तोंडात आपला शब्द कोंबायचा नाही आणि आपलं बोट त्याच्या डोळ्यांपुढे नाचवायचं नाही.

तुमच्यातलं कुणीतरी आता विचारणारच, की तिने तुला नको म्हटलं, तुला वाईट नाही का वाटलं? वाटलं की. खूप वाटलं. पण ते 'नको' तिचं होतं, आणि ते भरल्या खोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मी बोललो. मला जोडलं होतं ते त्याच्यासाठीच.